गरमच्या नळाचं गार पाणी

१० मे २००९, रविवार, म्हणजे दुबईत कामाचा दिवस. दुपारी शाळेतून आले ती पर्स खांद्यावरून न काढताच न्हाणीघरात बादल्या भरायला लागले, कारण अंगणातली भाजी उकडून निघाली होती.

थंड देशांत बागा हिवाने जळतात. दुबईत, अल कुसैसमधल्या आमच्या तळमजल्याच्या घरी, पेरणी ऑक्टोबरात आणि मे लागला की खेळ खलास. टोमॅटो, मेथी मी आधीच उपटून टाकते. दोडका आणि गवार मात्र पहाटेच्या पाण्यावर अजून महिनाभर ओढून नेता येतात. त्यासाठी पाचला उठावं लागतं, एवढंच.

त्या हंगामात पेरणी केली तेव्हा माझ्या यजमानांच्या कंपनीत भरती चालू होती. मेथी खुडेपर्यंत मंदीने निम्मं ऑफिस रिकामं केलं आणि मार्चमध्ये ह्यांचीही नोकरी गेली. जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसातून कायमचा घरी आलेला माणूस आधी दिवसभर सीव्ही पाठवायचा, मग नुसता टीव्हीसमोर बसायला लागला. ह्यांचा व्हिसा माझ्या शिक्षिकेच्या नोकरीवर काढला, त्या दिवशी जेवले नाहीत. मी आग्रह केला नाही.

तर त्या रविवारी भर दुपारी ह्यांना दोडक्याचा वेल मान टाकलेला दिसला. आपल्या हातून काहीतरी व्हावं म्हणून बाहेरच्या नळाला नळी लावली आणि वाफे भरून टाकले.

"अहो, पाण्याला हात लावून पाहिलात का?"

"पाण्याला काय हात लावायचा?"

मी नळ सोडला. ह्यांनी धारेखाली हात धरला आणि झटक्यात मागे घेतला. गच्चीवरची टाकी उन्हात तापते; मेमध्ये दुपारी त्या पाण्यात चहा तेवढा व्हायचा बाकी असतो. इतकी वर्षं सकाळी सातला घराबाहेर पडणाऱ्या माणसाला हे माहीत असायचं कारण नव्हतं.

आमची दहावीतली मुलगी दारातून बघत होती. "बाबा, यू मेड सूप!"

एरवी ह्यांनी तिला वाटी आणायला सांगितली असती. त्या दिवशी म्हणाले, "मी हात लावीन ते सगळं..."

गवार गेली तर गवार, लुलू सुपरमार्केटात मिळते. पण हे वाक्य असंच घरात राहू द्यायला मी तयार नव्हते.

इथे उन्हाळ्यात आम्ही गीझर बंद ठेवतो. त्यात साठलेलं पाणी एसीच्या घरात निवतं, म्हणून गरमच्या नळाला गार पाणी येतं आणि गारच्या नळाला कढत. अर्थात दोन-तीन बादल्या, मग संपलं. मी भरत होते, हे नेत होते. पोरीने जुनी चादर काढून वेलावर बांधली. "यल्ला बाबा, फास्टर!" म्हणून ओरडतही होती. तिघांच्या पायांनी घरभर चिखल झाला.

संध्याकाळी पाहिलं तर गवार आडवी झाली होती. दोडक्याची खालची पानं गेली होती, शेंडा तेवढा उभा होता.

"उद्यापासून तूच बघ," हे म्हणाले. "माझ्या हाती नको."

"मला जमणार नाही. सहाला बस असते."

"आजवर जमत होतं की!"

"आजवर तुम्ही घरी नव्हतात. आता आहात. पहाटे वेलाच्या बुंध्याशी दोन बादल्या, पानांवर उडवायचं नाही. एवढं कळेल इंजिनिअरला."

"हेडमास्तरीण," असं पुटपुटत हे आत गेले. त्यात जरासं हसू होतं, किंवा मला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सवयीने पाचला जाग आली. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी डबे भरले, साडी नेसले. अंगणात जाऊन वेलाखालची माती बोटाने पाहिली. कोरडी होती. हात पुसून परत आले आणि खोलीच्या दारातून म्हटलं, "निघते मी. सातला अंगणाच्या भिंतीवरून ऊन येतं."

"हं," आतून आवाज आला.

पाणी न घालताच मी जाऊन बसमध्ये बसले.