मोरचुदाची लोखंडी बादली

नव्वद सालाच्या पुढंमागं सायखेड्याला आमच्या द्राक्षबागेशेजारी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांची बाग होती. फवारणीचं निळं मोरचूद प्लास्टिकच्या ड्रमात कालवायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सर मात्र मुद्दाम लोखंडी बादली घेत आणि कुंपणावरून ओरडत, “या, या! लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन देऊन आयन झाले, पाण्यात निघाले! तांब्याच्या आयनांनी ते इलेक्ट्रॉन घेतले, तांबं होऊन बादलीवर बसले!”

“सर, बादलीला भोक पडंल.”

“पडू द्या, पडू द्या!”

एकदा खरंच पडलं. ऐन ढगाळ हवेत, बुरशीच्या दिवसांत औषध मातीत गेलं, आणि सर भोकातून आभाळ बघत म्हणाले, “केवढे अणू गेले हो!”

येडाच माणूस, म्हणत मी घरी आलो. मग हळूच आपला विळा मोरचुदात बुडवला. पातं तांबूस झालं तसा कुंपणाकडं पळत सुटलो.

“सर, बसले!”