राजमतीने घेतलेला नियम

८ सप्टेंबर २०२५. आष्ट्याच्या गॅरेजवाल्याने चार हजार दोनशे साठ रुपये खर्च सांगितला. नानासोंच्या दारात उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या दरवाजाला पोचा पडला होता. तो पाडला होता राजमतीने, सकाळी आपली गाडी मागे घेताना.

राजमती पन्नाशीनंतर गाडी शिकली. नवरा सुकुमार, त्याची नजर अधू झाली. गाडी विकायची बोलणी चालू असतानाच तिने किल्ली उचलली. मंगळवारी आणि शनिवारी ती माधवनगरला जाई, अंथरुणाला खिळलेल्या आईला न्हाऊ घालायला. दिवस मावळायच्या आत जेवायला परत. नानासो तिचे थोरले दीर. त्यांना हे बाईचे गाडी चालवणे कधीच रुचले नव्हते.

तो दिवस क्षमावाणीचा होता. वर्षभरात चुकले-माकले त्याची एकमेकांकडे क्षमा मागायचा. राजमती पैसे पर्समध्ये घेऊनच संध्याकाळी जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, गेली. पण आधी तिने हात जोडले आणि तिथेच फसली.

"अण्णा, उत्तम क्षमा. माझ्याकडनं गाडीला लागलं."

"क्षमा हाय की गं," नानासो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "पैसं कसलं देतीस? आपण काय परके हाय? फक्त एक नियम घे. चातुर्मास संपस्तवर गाडी चालवायची न्हाई."

चातुर्मासात कोणी चहा सोडतो, कोणी साखर. देवासमोर एकदा नियम घेतला की तो मोडता येत नाही. आताच क्षमा मागितलेली, भोवती सगळ्या बायका. नको कसे म्हणणार? राजमतीने मान हलवली.

मग नानासोच तिला माधवनगरला नेऊ लागले, त्याच गाडीतून, त्यांना सवड असेल तेव्हा. पोचा त्यांनी काढून घेतला नाही. कोणी विचारले की म्हणत, "ही आमच्या राजमतीची सही." एकदा आईच्या डोक्याला साबण तसाच होता आणि बाहेर हॉर्न सुरू झाला.

"आवं अण्णा, धा मिन्टं!"

"क्षमा केली म्हणून दिवसभर थांबू व्हय?"

आईने डोळे मिटूनच विचारले, "तू त्येंचं काय चोरलंस गं?"

राजमतीने घाईघाईने तांब्या ओतला.

दिवाळीला चातुर्मास संपला. बस्तीत नानासो म्हणाले, "आता हाच नियम जन्मभराचा घे. सवय झालीच हाय."

"घे की गं," शेजारची शालूबाई कुजबुजली. "फुकटचा ड्रायव्हर मिळतोय."

राजमतीने हात जोडले नाहीत. तिने पर्स उघडली.

"अण्णा, तुमची क्षमा परत घ्या. ह्ये पैसं."

"क्षमा कुणी परत करतं व्हय?"

"मी करते. मोजून घ्या."

सगळे बघत होते. नानासोंनी नोटा मोजल्या, खिशात घातल्या आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलणे सोडले. गल्लीत ते आता आपली गाडी तिच्या गाडीला अगदी चिकटून लावतात. बाहेर काढायला पुन्हा पुन्हा पुढे-मागे करावे लागते, आणि ते ओट्यावर बसून बघत राहतात.

पुढच्या शनिवारी तिने गाडी काढली. टाकी जवळपास कोरडी, पर्स रिकामी. पंपावरच्या ओळखीच्या हंबीररावांनी स्वतःचे पैसे घालून पेट्रोल भरले. आईचे न्हाणे त्या दिवशी सावकाश झाले.

हंबीररावांचे तीनशे रुपये अजून द्यायचे आहेत.