दोन बोटं खाली

प्रणाली डिगरसेला उचललेलं आवडत नसे. यात नवल ते काय? तुम्हाला कोणी रोज सकाळी ऑफिसच्या फाटकात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, काखेत हात घालून पोत्यासारखं उचललं तर तुम्ही काय खूश होणार आहात? एकोणिसाव्या वर्षी संत्री तोडताना ती शिडीवरून पडली आणि कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. रडायचं तेवढं रडून झाल्यावर चाकाच्या खुर्चीवर बसून ती बी.कॉम. झाली, सौसरच्या तहसीलीत बाबू म्हणून लागली. तहसील घरापासून हाकेच्या अंतरावर. आपल्या हातांनी खुर्ची ढकलत जायची, तशीच यायची. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

मग पांढुर्णा जिल्हा झाला. पोट्ट्यांनी चौकात फटाके फोडले, पेढे वाटले, आणि प्रणालीची बदली तासाभराच्या वाटेवर, पांढुर्ण्याच्या जिल्हा कचेरीत झाली.

धाकटा भाऊ श्रावण रात्रपाळी करून सकाळी कारखान्यातून सुटला की तिला कारनं सोडू अन् संध्याकाळी आणू लागला. घरी तो एकटाच तिला उचलून सीटवर ठेवायचा. ऑफिसात एक बाजू तो धरायचा, दुसरी फाटकावरचा चौकीदार. चौकीदार मनानं चांगला, पण आवाज असा की अख्ख्या आवाराला ऐकू जावा. "उचला मॅडमले!" तो ओरडायचा, अन् चहाच्या टपरीवरचे दोघंतिघं हातातले कप ठेवून धावत यायचे. एकदा तर खुद्द साहेब थांबून बघत उभे राहिले.

अशी दोन वर्षं तिनं काढली. मग एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आता बस्स झालं. माही गाडी मीच चालवीन अन् मीच उतरीन."

आई, पंचफुलाबाई, कपाळाला हात लावून बसली. "अवं बाई, पाय चालत नाहीत तं गाडी कायनं चालवशीन?"

"हातानं."

आणि खरंच हातानं. गाडी बिनगिअरची होती. नागपूरला नेऊन तिला हाताचा दांडा बसवला, आरटीओत नोंद केली, लायसन काढलं. डाव्या हातात दांडा: ओढला की गाडी पळते, ढकलला की थांबते. उजव्या हातात स्टिअरिंगवरची गोल मूठ. रविवारी मोकळ्या मैदानात श्रावणला शेजारी बसवून ती महिनाभर फिरली. त्यानं दोनदा डोळे मिटले, एकदा मोठ्यानं देवाचं नाव घेतलं, पण पोरगी शिकली.

अडलं ते भलतीकडेच. गाडीची सीट खुर्चीपेक्षा चार बोटं उंच. खुर्चीतून वर सीटवर जायला खांद्यांना ती चार बोटं काही केल्या झेपेनात. खुर्चीवर जाड गादी टाकली, दोन बोटं भागली. आणखी जाड टाकावी तर गुडघे ऑफिसच्या टेबलाखाली जाईनात. राहिली दोन बोटं. तेवढं आता गाडीनंच खाली यायला पाहिजे होतं.

म्हणून ती श्रावणला घेऊन पांढुर्ण्याच्या मोरेश्वरभाऊंकडे गेली. स्प्रिंगा आणि शॉकअपच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं सगळे म्हणत, तेही म्हणत.

"गाडी थोडी बसवायची आहे," श्रावण म्हणाला.

मोरेश्वरभाऊंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बसवायची? बापा, म्या तं जिंदगीभर बसलेल्या गाड्या उठवल्या. लोकं संत्र्याचे क्रेट भरभरून आनतेत, मांगून गाडी टेकते, म्या उठवून देतो. अन् तुले चांगली उभी गाडी खाली पायजे! रील बनवनाऱ्या पोट्ट्यायचे धंदे होत हे. ब्रेकरवर पोट घासलं का माह्याच नावानं बोंबलशीन."

"गाडी त्याची नाही, माही आहे," प्रणाली खुर्चीवरून म्हणाली. "अन् मले रील नाही बनवायची, ऑफिसात जायचं आहे."

तिनं खुर्ची दाराशी लावली, एक तळवा सीटवर टेकला, अंग उचललं. दोन बोटांसाठी अडकली आणि परत खुर्चीत आली. मोरेश्वरभाऊंनी वाकून आपल्या बोटांनी माप घेतलं. "स्प्रिंगा कापून देनारे भेटतीन तुमाले," ते म्हणाले, "म्या नाही कापत. आखूड स्प्रिंगा मागवून घेतो."

आठवड्यात गाडी दोन बोटं खाली आली. प्रणालीनं तळवा टेकला, एक जोर लावला, आणि ती आत! तिला इतका आनंद झाला की तिनं उगाच दोनदा हॉर्न वाजवला. मग विचारलं, "भाऊ, आता चाकायची अलाइनमेंट करा लागन का?"

"काही गरज नाही, मॅडम. बोल्टाले चॉकनं खुना करून खोलले अन् खुनेवर कसले. स्टिअरिंग सरळ आहे ना? मंग झालं."

सोमवारी ती पहिल्यांदा एकटी निघाली. गाडी डावीकडे ओढत होती. फार नाही, किंचित. दोन हातांनी चालवणाऱ्याच्या ध्यानातही यायचं नाही. पण प्रणालीचा डावा हात दांड्यावर; सगळी ओढ उजव्या खांद्यावर आली. पांढुर्णा येईस्तोवर खांदा पेटला होता. आणि तिचे पाय म्हणजे तिचे खांदेच ना! ऑफिसातली खुर्ची चौकीदारानं दाराशी आणली, तिनं तळवा टेकला, जोर लावला, खांद्यानं दगा दिला आणि ती सीट न् खुर्चीच्या मधे घसरून अडकली. "उचला मॅडमले!" आले सगळे धावत.

मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. बुधवारी ती फायलीमागे तोंड घालून रडली, दुःखानं कमी, संतापानं जास्त. गुरुवारपासून पुन्हा श्रावण गाडी चालवू लागला. "जाऊ दे बाई," आई म्हणाली, "कायले जिवाले त्रास करून राहिली?" यावर तिनं ताट सरकवून दिलं.

रविवारी ती मोरेश्वरभाऊंसमोर हजर. त्यांनी गाडी चौकाला फेरी मारून आणली. "काही नाही, मॅडम. रस्त्याले ढाळ असते डाव्या अंगानं, पानी वाहून जावं म्हनून. सगळ्याच गाड्या थोड्याशा वढतेत." श्रावणनंही मान डोलावली. प्रणालीच्या डोक्यात तिडीक गेली.

"भाऊ, डावा हात खिशात घाला," ती म्हणाली, "अन् तिगावपर्यंत चालवा."

"कायले?"

"मी तशीच चालवतो."

ती शेजारच्या सीटवर चढून बसली, आपली आपण. श्रावण मागे बसला. मोरेश्वरभाऊ सुरुवातीला मजेत होते. यंदाच्या बहाराचं सांगत होते, जावयाच्या बोअरचं सांगत होते. चारेक किलोमीटरनंतर ते सीटवर चुळबुळू लागले. त्यांचा डावा हात हळूच वर यायचा.

"खिशात," प्रणाली म्हणायची.

"हो जी, हो."

तिगाव आलं, गाडी वळली. परतताना कोणी काही विचारलं नाही, तरी मोरेश्वरभाऊंनी गाडी मंडीच्या आवारात घातली. रविवारचं आवार ओस, खाली सपाट काँक्रिट. हळू वेगात त्यांनी स्टिअरिंग सोडलं. गाडी डावीकडे गेली. तोंड फिरवून उलट्या दिशेनं सोडलं. पुन्हा डावीकडेच. त्यांनी गाडी थांबवली आणि उजवा खांदा चोळत बसले.

"इथं तं ढाळ नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, "चाळीस वर्षं झाली मॅडम हे काम करून राहिलो. दोन हातानं सारं सरळच वाटते."

तिथून ते तडक अंकुरच्या दुकानात गेले. अंकुरकडे अलाइनमेंटचं कॉम्प्युटर मशीन होतं, आणि मोरेश्वरभाऊ आजवर त्या दुकानाला टीव्हीघर म्हणत आले होते. अंकुरनं चाकांना पट्ट्या लावल्या, पडद्यावर आकडे आले. गाडी खाली आली तशी पुढची चाकं वरून आत झुकली होती. उजवं जास्त, डावं कमी. "गाडीची उंची बदलली का चाकाचा कोन बदलतेच, काका," अंकुर म्हणाला. "अन् शॉकअपचा बोल्ट खुनेवर कसला तरी रेघेच्या जाडीएवढा फरक राहतेच. अलाइनमेंट कराच लागते."

मोरेश्वरभाऊ यावर वाद घालतील असं श्रावणला वाटलं होतं. त्यांनी पाना मागितला आणि गाडीखाली शिरले. अंकुर आकडे वाचत राहिला, ते बोल्ट सैल करत, चाक केसभर सरकवत, कसत राहिले. दोन्ही बाजू सारख्या झाल्यावर अंकुरनं टाय रॉड फिरवून चाकं सरळ केली. "महिन्यानं पुन्हा दाखवा," तो म्हणाला, "स्प्रिंगा अजून थोड्या बसतीन."

दुसऱ्या दिवशी प्रणाली एकटी निघाली. रस्ताभर ती त्या ओढीची वाट पाहत होती. ती आली नाही.

फाटकात चौकीदारानं खुर्ची दाराशी लावली आणि सवयीनं तोंड उघडलं. "उच..."

"थांबा," प्रणाली म्हणाली.

तळवा टेकला. जोर लावला. खांद्यानं साथ दिली आणि ती खुर्चीत बसली. टपरीवरून निघालेले दोघं अर्ध्या वाटेत उभे राहिले, काय करावं न कळून परत चहाकडे वळले. चौकीदार हात पुढे करून तसाच उभा होता. त्याला तिनं गाडीचं दार लावायला सांगितलं.

मग तिनं श्रावणला फोन लावला.

"पोचली का, ताई?"

"पोचली. उतरली पन."

"कितीजन लागले?"

"कोनीच नाही."

मग तो म्हणाला, "बरं झालं. मंग मी आज सुपरवायजरले सांगून टाकतो, दिवसपाळी द्या म्हनून. दोन वर्षांपासून मांगं लागला आहे थो."

"पन तुले तं रात्रपाळीच आवडते म्हने?"

"कोनाले आवडते व ताई, रात्रपाळी?"