आत्याने चालवलेलं राज्य

धान्याचं दुकान विकल्यापासून आत्याला घर खायला उठायचं. दुकान बाबांचं, पण गल्ला आयुष्यभर या धाकट्या बहिणीनेच सांभाळलेला. आता ती पुसलेला ओटा पुन्हा पुसायची, खिडकीशी जायची, परत यायची.

"जरा टेक कुठेतरी," बाबा वैतागायचे.

अशीच एकदा दुपारी ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी कॉम्प्युटरवर एका ऑनलाइन खेळात जुन्या काळातलं राज्य चालवत होते. तट, शेतं, बाजारपेठ, सैन्य. चालवत कसलं, बुडवत होते.

"हे शिपाई नुसते उभे का?"

"लढाईसाठी."

"आणि पगार? घरात नाही दाणा आणि हवालदार म्हणा! सरक."

तिने निम्मे शिपाई शेतावर धाडले. वेशीवरची जकात कमी केली, तसे व्यापारी यायला लागले. लोकर स्वस्तात घेऊन लोखंडवाल्यांना विकली. महिन्याभरात खजिना भरला, कोठारंही. आमच्या गटातल्या इतर शहरांचे खेळाडू कुठले कुठले होते. त्यांच्या म्होरक्याला सगळे सेनापती म्हणत.

मग खेळात दुष्काळ पडला. गटाबाहेरचं शेजारचं शहर धान्य मागायला आलं.

"देऊ नका," स्पीकरमधून सेनापतीचा आवाज आला. "उपाशी राहिले की शहर आपोआप आपल्या हातात येईल."

"दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवू?"

"काकू, हा खेळ आहे."

"मग तू खेळ. मला दुकान चालवू दे."

म्हणाली खरं, पण दिवसभर तिचा पाय घरात ठरेना. जेवतानाही मधेच उठली. शेवटी तिने नेहमीच्याच भावाने धान्य विकलं. दुसऱ्या दुपारी सेनापतीचं सैन्य आमच्याच वेशीवर आलं. आमचे शिपाई शेतात. बघता बघता कोठारं जळाली.

"नवं राज्य सुरू करू," मी म्हटलं.

"मला साधं विचारायचं तरी!" आत्या ताडकन उठली.

"सेनापतीने?"

ती तडक बाहेरच्या खोलीत गेली. बाबा पेपर वाचत होते.

"दादा, दुकान विकताना मला विचारलं का नाहीस?"

"अगं, तुझ्या गुडघ्यांसाठीच... किती वर्षं उभी राहणार होतीस?"

"गुडघे माझे होते ना?"

बाबांनी पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "चुकलं माझं," ते पुटपुटले.

"मग माझा हिस्सा दे. आणि उपकार केल्यासारखा देऊ नकोस."

बाबांनी तो दिला. आत्याने बाजाराच्या मागच्या गल्लीत एक अरुंद गाळा भाड्याने घेतला. मालकाने भाडं उतरवावं म्हणून ती भिंतीतली ओल बोटाने दाखवत राहिली. बिचारा अखेर हात जोडून तयार झाला.

दुकान उघडलं त्या सकाळी मला वाटलं, आता तरी स्वस्थ बसेल. पण तांदळाचा टेम्पो आला नव्हता. आत्या सारखी गल्लीच्या तोंडाशी जाऊन येत होती, आणि बाबा तिची खुर्ची हातात घेऊन तिच्या मागे मागे.