जळवांचा उपाय

माझ्या थोरल्या दिरांनी फौजेत सतरा वर्षं काढली. त्यातली चार आसामच्या जंगलात. त्या चार वर्षांवर त्यांनी आम्हाला जन्मभर अक्कल शिकवली. पण खोटं कशाला बोलू, माझ्या पोरीला पोलीस भरतीसाठी पळायला शिकवलं तेही त्यांनीच. रोज पहाटे घाटरस्त्याला न्यायचे, हातात घड्याळ धरून. वयात बसणारी तिची ही शेवटची भरती होती.

साताऱ्याच्या ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीला, आठवडा राहिला होता. पोर डोंगरावरून गवताचा भारा घेऊन आली आणि म्हणाली, गुडघ्याच्या मागं काहीतरी टोचतंय. बघते तर गोचीड. तोंड खुपसून टम्म फुगलेला.

मला काय करायचं ते चांगलं माहीत होतं. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी आम्हा बायकांना बसवून शिकवलं होतं. बारीक टोकाच्या चिमट्यानं गोचिडाला अगदी कातडीलगत धरायचं, पिळायचं नाही, हिसका द्यायचा नाही, सरळ वर सावकाश ओढायचं. मग साबणानं जागा धुवायची आणि पुढं ताप आला तर डॉक्टरकडं जायचं. तेल, रॉकेल, चटका, काही काही लावायचं नाही. मी पोरीचा भुवयांचा चिमटा धुऊन हातात घेतला, तेवढ्यात दीर आले.

त्यांनी मला बाजूला सारलं. म्हणाले, आसामात असल्या लय काढल्या, मीठ-तंबाखू लावायची आणि विडी टेकवायची, आपोआप गळून पडतंय. आता आसामात त्यांनी काढल्या त्या जळवा. जळू सोडते, गोचीड सोडत नाही. मी तसं म्हणाले.

"आवं भावजी, ह्यो गोचीड हाय, जळू न्हवं."

"तू मला शिकवणार व्हय?"

झालं. एवढ्या एका वाक्यावर मी चिमटा खाली ठेवला. घरात चार माणसं बसलेली, थोरल्या दिरासमोर वाद कुठं घालायचा!

विडीनं कातडी भाजली, गोचीड हलला नाही. मग त्यांनी नखात धरून उपटला. अंग फुटून हातात आलं, तोंड आतच राहिलं.

तिसऱ्या दिवशी जागा पिकली, गुडघा वाकेना, अंगात ताप. डॉक्टरांनी विचारलं, चटका कुणी दिला? दीर भिंतीकडं बघत बसले. मी औषधाची चिठ्ठी तेवढी मागून घेतली. ग्राउंडच्या दिवशी पोर अंथरुणात होती.

पुढं दीर गावात सांगत सुटले की पोरीनं ऐनवेळी कच खाल्ली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तरीही त्यांच्या पुढ्यात चहाचा कप मीच ठेवत राहिले. लाज वाटते सांगायला.

मग तिनं पाचगणीच्या एका हॉटेलात काम धरलं. एसटी स्टँडवर सोडायला गेले तेव्हा मी दिरांच्या नावानं बोटं मोडत होते. ती ऐकत होती, मग मला थांबवून म्हणाली,

"आई, त्यास्नी ठावं न्हवतं. तुला ठावं हुतं."

गाडी लागली होती. पिशवी घेऊन ती चढली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसली.