वळू दूध देत नाही

माझ्या छातीतली गाठ लातूरला काढली. औषधं झाली, केस गेले, परत आले ते कुरळे होऊन. एवढ्यावर सुटले म्हणावं, तर डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. दोष जन्माचाच निघाला, रक्तातून आलेला. बाईंनी कागद पुढं ओढून आमच्या घराण्याची वंशावळ काढायला घेतली. पुरुषांना चौकोन, बायांना गोल. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा मी धडाधड सांगितले.

"आजी कशानं गेल्या?"

"पोटात दुखून."

"आत्या?"

"तीपण गेली."

आमच्या खानदानात पुरुष आजारानं जातात, बाया नुसत्या जातात.

राहिला धाकटा भाऊ. तो देवणीला जनावरं पाळतो, प्रदर्शनात बक्षिसं आणतो. त्याची मुलगी नांदेडला शाळेत शिकवते, बत्तीस वर्षांची. बाई म्हणाल्या, बापात हा दोष नसला तर पोरगी त्यातून मोकळी. असला तर तिचंही रक्त बघू. तिच्यात निघाला तर दरसाल तपासणी, म्हणजे गाठ झालीच तर ज्वारीएवढी असताना सापडेल. माझी लिंबाएवढी होती.

मी देवणी गाठली. भाऊ वळूचं अंग घासत होता. सगळं ऐकून म्हणाला, "आक्का, छातीचा रोग बायांचा. मला कशाला सुई? अन् हे आईकडून आलं असंल."

"तुझी आई दुसरी होती का रे?"

"मी गडी हाय. माझ्यात येऊन काय करंल ते?"

भावजयीनं चहा आणला. मी विषय सोडला, वळूचं कौतुक केलं. गडी लगेच फुलला. "ह्याच्या पाच पिढ्या सांगतो. आई आठ लिटर द्यायची, आजी तर त्याच्याबी वर."

"वळू दूध देतो का?"

"येडी हायस का आक्का?"

"मग त्याच्या आईचं दूध कशाला सांगायलास?"

"आता, ह्याच्या कालवडीत उतरतंय ना ते. वळूतून…" तो थांबला.

"बोला की पुढं," भावजय म्हणाली. "आपली कालवड नांदेडात हाय."

त्यानं घासणं चालू ठेवलं, एकाच जागी. वळूच वैतागून सरकला.

त्या आठवड्यात तो लातूरला आला. मारक्या वळूला वेसण घालणारा माणूस, सुई बघून भिंतीकडं तोंड करून बसला. दोष त्याच्यात निघाला. मग भाचीतही निघाला. तिच्या पहिल्या तपासणीत मात्र गाठबिठ काही नाही. आता दरसाल तिला तपासणीला तोच आणतो, आणि बाहेर बसलेल्या बाप्यांना विचारतो, वळू दूध देतो का म्हणून. लोक त्याला वेगळ्याच डॉक्टरकडं पाठवायला बघतात.

परवा त्याचा चाकूरहून फोन आला. नव्वदीच्या चुलतीपुढं बसून होता.

"आक्का, आत्याच्या छातीत गाठ होती म्हणं. लाजंपायी कुणाला दाखवलीच न्हाई. बाईंना सांग, आत्याच्या गोलात लिहून घ्या म्हणावं."