रिकामी किटली

डेअरीतला आंबूस दुधाचा वास आला की आईचं चालणं आठवतं. स्तनाच्या कर्करोगाची केमो सुरू होण्याआधी ताकद यावी म्हणून डॉक्टरांनी तिला रोज दोन अंडी खायला आणि अर्धा तास चालायला सांगितलं होतं. बिनकामाची चालणारी बाई आमच्या गावानं पाहिली नव्हती, म्हणून ती हातात दुधाची रिकामी किटली घेऊन निघायची. पारावरून एकानं विचारलंच, “मावशी, म्हैस आटली तरी डेअरीला व्हय?” सगळे हसले, तिथंच बसलेला मीही हसलो. घरी येऊन तिला म्हणालो, “उद्यापासून जाऊ नकोस.” ती गेली नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, “चालता ना?” माझ्याकडं बघून ती म्हणाली, “रोज चालती की.” पहिल्या केमोनंतर तिला अंथरुणातून उठवेना. आज ती बरी आहे. ते खोटं ती माझ्यासाठी बोलली, हे मी अजून तिच्याजवळ काढलेलं नाही.